काळ्याचे छायाचित्र

आमच्या मिशनच्या अंगणात काळ्या नावाचा एक कुत्रा होता. ‘होता’ म्हटले म्हणून तो गेला असे वाचकांनी समजू नये. तो आहे, परंतु आता म्हातारा झाला असून अंगणापेक्षा स्वयंपाकघरामागच्या कोमट राखेत त्याचा अधिक वेळ जातो. त्याला कोणी आणले नाही. गावकुत्री जशी येतात तसा तो आला आणि वसतिगृहातील मुलांच्या भाकरीच्या तुकड्यांवर वाढला. मुधोळ किंवा कारवान कुत्र्यांसारखी त्याला वंशावळ नाही. एक कान उभा, एक पडलेला. सर्वांग काळे आणि गळ्याखाली नेमका एक पांढरा पट्टा. ‘काळ्याने फादरांची कॉलर घातली आहे,’ असे मुले आपसात म्हणतात. ते माझ्या कानांवर येते, हे त्यांना ठाऊक नसावे.

आमचा धर्मग्राम सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. पण डोंगराला त्याची खबर नाही. दिवाळी सरली की येथील पाडे हळूहळू ओस पडू लागतात. माणसे कोयते, भांडी आणि तान्ही मुले घेऊन ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, ती पुष्कळदा होळीच्या सुमारासच परततात. शाळेत जाणारी मुले वसतिगृहात राहतात आणि कुत्री गाव राखतात.

वसतिगृहाच्या राखणदारकाकांनीही तरुणपणी कोयता चालवला होता. डाव्या हाताच्या तर्जनीवर त्याची जुनी खूण होती. बोट पेरापासून किंचित वाकडे झाले होते. अक्राणीकडच्या डोंगरातला हा माणूस, वय साठीच्या पलीकडचे, डोक्याला सैलसर बांधलेला फेटा, बोलणे मोजके. काळ्या आम्हा सर्वांकडून भाकरी घेई. ऐके मात्र त्यांचे एकट्याचे.

२०२३ सालच्या नाताळाआधीची गोष्ट. वसई-मुंबईकडील हितचिंतकांना दरवर्षी आम्ही एक शुभेच्छापत्र पाठवतो. त्या वर्षी गव्हाणीच्या नेहमीच्या चित्राऐवजी काळ्याचे छायाचित्र छापावे, अशी कल्पना माझ्या मनात आली. डिसेंबरातील सकाळ होती. कोवळे ऊन डावीकडून तिरपे येत होते. काळ्या एका जागी बसेना, तेव्हा काकांनी त्याच्या गळ्यात सुतळी बांधली आणि ते त्याच्या डाव्या अंगाला, थोडे पुढे, उकिडवे बसले. मी गुडघ्यांवर आलो. कुत्र्याचे चित्र त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावे, उभ्याने घेतल्यास नुसती पाठ आणि नाक येते, एवढे ज्ञान मला होते. काळ्याने मान वळवून काकांकडे पाहिले, त्याच क्षणी मी बटण दाबले.

कुत्रा उत्तम आला होता. इतर सर्व मात्र मला खटकू लागले. उभ्या कानातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसत होता. मागे दोरीवर मुलांच्या चड्ड्या वाळत होत्या. एका बाजूस मोटारसायकलचे अर्धे चाक, दुसऱ्या बाजूस पाण्याचा निळा प्लॅस्टिक कॅन. आणि डाव्या कडेला काकांचे दोन गुडघे, शिवलेल्या चपलांतील पावले व सुतळी धरलेला हात. चेहरा चौकटीबाहेर राहिला होता.

आमच्या वसतिगृहात शिकून आता तळोद्याच्या महाविद्यालयात जाणारा एक विद्यार्थी तेव्हा आला होता. त्याने माझा फोन हाती घेतला. ‘फादर, जे नको असेल त्यावरून बोट फिरवा,’ तो म्हणाला. मी प्रथम खांबावरून बोट फिरवले. खांब गेला आणि तेथे आभाळ आले. चड्ड्या गेल्या, तेथे कुडाची भिंत आली. चाक गेले, कॅन गेला. मग सुतळी गेली, हात गेला, गुडघे गेले, चपला गेल्या; तेथे आमच्या अंगणातीलच वाटावी अशी माती पसरली. मला लहान मुलासारखा आनंद झाला. पाटी पुसताना मागे पांढरट डाग तरी राहतो. येथे तोही नव्हता.

ही किमया कशी घडते ते त्या मुलाने मला समजावले. यंत्राला खांबामागचे आभाळ ठाऊक नसते. ते आजूबाजूचे रंग व पोत पाहून तेथे काय असावे याचा अंदाज करते आणि त्या अंदाजाने भोक बुजवते. आभाळ, माती, गवत येथे अंदाज सहसा साधतो. केसाळ अंगावरून गेलेला पट्टा काढणे मात्र कठीण, कारण प्रत्येक केसाची दिशा वेगळी. म्हणून जाणकार छायाचित्रकार दोरी कुत्र्याच्या अंगावरून जाऊ न देता बाजूला ओढून धरायला सांगतात, किंवा कुत्रा हलवल्यावर त्याच जागेचे एक रिकामे चित्र घेऊन ठेवतात, म्हणजे पुढे अंदाजाऐवजी खरी जमीनच तेथे बसवता येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे बटण दाबण्यापूर्वी आपणच दोन पावले सरकणे. मी उजवीकडे सरकलो असतो तर खांब कानामागून आपोआप गेला असता. परंतु पुसण्याची सोय हाताशी असली की माणूस जागचा हलत नाही.

शुभेच्छापत्र छापले गेले. ‘आपल्या मिशनचा परिसर किती स्वच्छ आणि रम्य आहे!’ असे एका हितचिंतकांचे पत्र आले. मी सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. पुढे फोनमध्ये जागा उरली नाही तेव्हा जुनी चित्रे काढून टाकली. त्यांत काळ्याचे मूळ चित्रही गेले. फोनच्या कचरापेटीत अशी चित्रे काही दिवस राहतात आणि मुदत संपली की कायमची जातात. त्या दिवसांत मला त्यांची आठवण होण्याचे काही कारण नव्हते.

येथे लहानपणीची एक गोष्ट सांगणे भाग आहे. वसईत माझा पहिला ख्रिस्तप्रसाद झाला तेव्हा वडील मला स्टुडिओत घेऊन गेले. पांढरा सदरा, हातात मेणबत्ती, मागे पडद्यावर रंगवलेले खांब. त्या काळी छायाचित्रकार निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने हात फिरवत. निगेटिव्हवर जे काळे ते छापील चित्रात उजळ होते, म्हणून सुरकुती किंवा व्रण पेन्सिलीने भरला की कागदावर तो नाहीसा होई. नको असलेली काळी जागा निगेटिव्हवर पात्याने खरवडून कमी करता येई, आणि छापील चित्रावर धुळीमुळे उमटलेले पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने रंग लावून मिटवले जात. माझ्या हनुवटीवर विहिरीच्या काठावर पडल्याचा व्रण आहे. स्टुडिओवाल्यांनी तो मोठ्या मायेने नाहीसा केला. घरी आईने चित्र उजेडात धरले आणि विचारले, ‘खूण कुठे गेली?’ वडील म्हणाले, ‘पोर छान दिसते की!’ आई म्हणाली, ‘छान दिसते, पण पडले तेव्हा मी त्याला उचलून आणले होते.’ ते चित्र आमच्या घरी कधी भिंतीवर लागले नाही. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

२०२४ च्या पावसाळ्यात राखणदारकाका गेले. रात्री छातीत कळ आली आणि पाड्यावर जीप पोहोचण्यापूर्वीच सारे संपले. काही दिवसांनी त्यांची पत्नी मिशनमध्ये आली. आमची मुले तिला माय म्हणतात, म्हणून मीही माय म्हणतो. ती व्हरांड्यात बसली. काळ्या येऊन तिच्या पायांशी पडला. बऱ्याच वेळाने ती पावरी बोलीत बोलू लागली; त्याचा मराठीत अर्थ असा : ‘फादर, घरात त्याचा फोटो नाही. मुलाने आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तर नुसते डाग आले. तुम्ही काळ्याचा फोटो काढला तेव्हा तो जवळ बसला होता. तो द्या.’

मी म्हणालो, ‘माय, त्यात त्यांचा चेहरा आला नव्हता.’

‘मग काय आले होते?’

‘हात. गुडघे. पाय.’

‘हात असला तरी चालेल,’ ती म्हणाली. ‘त्याचे बोट मला ओळखू येते.’

मी उठून आत गेलो. शुभेच्छापत्राची एक प्रत खणात होती. फोनमध्ये मूळ चित्र नाही हे ठाऊक असूनही मी तो पुनःपुन्हा चाळला. तळोद्याच्या विद्यार्थ्याला विचारले. त्याने सारे काम माझ्याच फोनवर केले होते. त्याच्याकडे प्रत नव्हती. अखेर मी ते शुभेच्छापत्र घेऊन बाहेर आलो. चाळीस वर्षे काबाडकष्ट केलेला एक हात मी बोटाच्या एका फटकाऱ्याने पुसून टाकला, आणि तोही कुत्र्याचे चित्र नीटनेटके दिसावे म्हणून, हे तिला कोणत्या शब्दांत सांगावे ते मला सुचेना. ‘तो भाग मी काढून टाकला, माय. माझी चूक झाली,’ एवढेच म्हणालो.

तिने चित्र हातात घेतले. पुष्कळ वेळ पाहिले. मग काळ्याच्या पुढ्यातील जमिनीवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘हा काय इथे बसला आहे.’

मी वाकून पाहिले. सकाळचे तिरपे ऊन डावीकडून येत होते, हे वर सांगितलेच आहे. काका उकिडवे बसले होते आणि त्यांची लांब सावली काळ्याच्या पुढच्या पायांसमोर जमिनीवर पडली होती. वाकलेली पाठ, पुढे केलेला हात आणि सैलसर फेट्याचा आकार. मी माणूस पुसला होता. त्याची सावली पुसायची राहिली होती. शेकडो प्रती छापल्या गेल्या, वाटल्या गेल्या, लोकांनी कौतुक केले; त्यातील एकाच्याही ध्यानात आले नाही की या सावलीला माणूस नाही.

पुढे जाणकारांकडून कळले की नवशिक्यांच्या हातून हीच चूक सर्वांत अधिक होते. वस्तू काढली जाते, परंतु तिची सावली, पाण्यातील किंवा काचेतील तिचे प्रतिबिंब आणि तिच्याकडे लागलेली नजर मागे राहते. काळ्याही त्या चित्रात कोणाकडे तरी पाहत आहे. मी पुसले ते काकांना. काळ्याची नजर पुसणे माझ्या फोनला शक्य नव्हते.

त्यानंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले, आणि कुत्र्यांच्या चित्रांत फेरफार करण्याचा नाद जगाला फार जुना आहे असे दिसले.

ग्रामोफोनसमोर कान देऊन बसलेला कुत्रा आपल्या पिढीतील प्रत्येकाने रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर पाहिला आहे. त्याचे नाव निपर. तो १८८४ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल शहरात जन्मला आणि १८९५ मध्ये मेला. त्याचा पहिला धनी वारल्यावर धन्याचा भाऊ, चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड याने त्याला सांभाळले, आणि कुत्रा गेल्यानंतर आठवणीने त्याचे चित्र काढले. मूळ चित्रात निपरसमोर एडिसन पद्धतीचा, मेणाच्या नळकांड्यांवर चालणारा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेण्याची तयारी दाखवली. अट एवढीच की प्रतिस्पर्ध्याचे यंत्र जाऊन त्या जागी आपला तबकडीचा ग्रामोफोन यावा. बॅरॉडने जुन्या यंत्रावर नवे यंत्र रंगवले. चित्राला पन्नास पौंड आणि हक्कांना पन्नास पौंड मिळाले. विशिष्ट कोनातून उजेड पडला की वरच्या रंगाखालचा फोनोग्राफ अजूनही जाणवतो, असे ते चित्र पाहिलेले लोक सांगतात. यातली गंमत अशी : नळकांड्याच्या यंत्रावर घरच्या घरी माणसाचा आवाज भरता येत असे, ग्रामोफोनवर येत नसे, तो फक्त विकत आणलेल्या तबकड्या वाजवी. म्हणजे कुत्रा आपल्या धन्याचा आवाज ऐकत आहे या कल्पनेला ज्या यंत्रामुळे अर्थ होता, नेमके तेच यंत्र नको म्हणून पुसले गेले. नाव तेवढे राहिले.

दुसरी हकिगत आपल्या धर्मसभेच्या इतिहासातील आहे. व्हेनिस येथील संत जॉन व संत पॉल यांच्या दोमिनिकन मठाच्या भोजनगृहासाठी पाओलो व्हेरोनेझे याने १५७३ मध्ये प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे एक भव्य चित्र रंगवले. उंची साडेपाच मीटरांहून थोडी अधिक, रुंदी जवळजवळ तेरा मीटर. त्यात येशू आणि प्रेषितांखेरीज विदूषक होता, जर्मन शिपाई होते, नाकातून रक्त येणारा एक सेवक होता आणि अगदी पुढे, मध्यभागी, एक कुत्रा बसलेला होता. १८ जुलै १५७३ रोजी चित्रकाराला धर्मन्यायालयापुढे उभे राहावे लागले. मठाच्या प्रमुखांनी कुत्र्याच्या जागी मरिया माग्दालेना रंगवावी असे सुचवले होते, तेही तेथे निघाले. व्हेरोनेझेने उत्तर दिले ते असे, की मठाच्या व स्वतःच्या सन्मानासाठी आपण ते आनंदाने केले असते, पण माग्दालेनेची आकृती त्या जागी शोभेल असे आपल्याला वाटत नाही. तीन महिन्यांच्या आत स्वखर्चाने चित्र सुधारण्याचा आदेश झाला. त्याने काय केले? चित्राचे नाव बदलले. लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाचा निर्देश चित्रावर लिहिला आणि ते ‘लेवीच्या घरची मेजवानी’ म्हणून जाहीर केले. जकातदार लेवीच्या घरी नाना तऱ्हेचे लोक असणारच. त्याला कोण आक्षेप घेणार? आज ते चित्र व्हेनिसच्या अकादमी संग्रहालयात आहे आणि कुत्रा आपल्या जागी आहे. दोमिनिकन संघाचे प्रतीक तोंडात मशाल धरलेला कुत्रा, आणि त्यांच्याच मठातील चित्रावरून कुत्र्याची चौकशी व्हावी, हे वाचताना मला हसू आवरले नाही. लगेच आठवले की, मीही त्या न्यायालयाच्याच बाजूचा ठरलो आहे.

सेमिनरीत बायबल शिकवणारे आमचे एक प्राध्यापक तोबीतच्या पुस्तकातील कुत्र्यावर फार प्रेम करत. तरुण तोबिया देवदूतासह प्रवासाला निघतो आणि त्याचा कुत्रा त्यांच्यामागे जातो. कथेत त्या कुत्र्याला काहीही काम नाही. तो कोणाला वाचवत नाही, वाट दाखवत नाही. येताना-जाताना नुसता बरोबर असतो. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात तर परतीच्या वेळी तो पुढे धावतो आणि शेपटी हलवून आनंद दाखवतो. ग्रीक प्रतींत ही शेपटी नाही. म्हणून ग्रीकवरून केलेल्या आजच्या भाषांतरांतही ती सापडत नाही. कुत्रा उरला आणि शेपटी गेली. काम नसलेला म्हणून तो कुत्रा कोणी कापला असता, तर कथेचे काही बिघडले नसते. पण घर सोडून निघालेल्या पोराच्या पावलांमागे घरचे म्हणून काहीच उरले नसते.

असे म्हणताना प्रत्येक फेरफार पाप आहे असे मला सुचवायचे नाही. भिंगावरचा धुळीचा कण कोणाचाच नातेवाईक नसतो. तो खुशाल काढावा. रात्री दिव्याच्या लखलखाटात कुत्र्याचे डोळे हिरवे-पिवळे चमकतात. त्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, म्हणून असे होते. माणसांच्या डोळ्यांतील लाली घालवण्यासाठी केलेले साधन तेथे चालत नाही आणि ते हाताने दुरुस्त करावे लागते. त्यात कोणाची फसवणूक नाही. एखाद्या मुलाचा चेहरा किंवा घराचा पत्ता जगासमोर जाऊ नये म्हणून झाकणे हे तर कर्तव्यच होय. प्रश्न आहे तो, चित्र कशाची साक्ष देणार आहे, हा.

अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी सैनिकांच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी ठार झाले. मृताशेजारी गुडघे टेकून आक्रोश करणाऱ्या मुलीचे जॉन फिलो यांनी घेतलेले चित्र जगभर गेले व त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या चित्रात मुलीच्या डोक्यामागे कुंपणाचा एक खांब आहे. १९९५ मध्ये ‘लाइफ’ मासिकात तेच चित्र छापून आले तेव्हा खांब नव्हता. कोणी तरी कधी तरी तो काढून टाकला होता. हेतू वाईट नसावा, माझ्या फोनवरच्या खांबासारखाच तोही डोळ्यांना खुपला असावा. परंतु पुढे जेव्हा हे उघड झाले तेव्हा लोक विचारू लागले, की खांब काढता येतो तर आणखी काय काढता येईल? त्याचे उत्तर रशियाने आधीच देऊन ठेवले होते. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी चालणारा निकोलाय येझोव्ह १९४० मध्ये मारला गेला आणि मग चित्रातूनही नाहीसा झाला. त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले. आमच्या अंगणात माती आली, तसेच.

उलट एलियट अर्विट या छायाचित्रकाराचे १९७४ सालचे एक चित्र पाहावे. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर टोपी घातलेले चिमुकले कुत्रे आहे. त्याच्या शेजारी एका बाईचे बूट आणि त्या पलीकडे दुसऱ्या एका प्रचंड कुत्र्याचे पुढचे दोन पाय. बाईचा चेहरा नाही, मोठ्या कुत्र्याचे तोंड नाही. माझ्यासारख्याने ते बूट ‘नकोत’ म्हणून पुसले असते, आणि चिमुकले कुत्रे किती चिमुकले आहे हेच कळले नसते.

मी पुसलेल्या गोष्टींची यादी आता पुन्हा करून पाहतो. विजेचा खांब : तो आमच्याकडे यावा म्हणून गावकऱ्यांनी किती अर्ज केले होते ते मी जाणतो. मुलांच्या चड्ड्या : त्यांनी त्या सकाळी स्वतः धुतल्या होत्या. निळा कॅन : उन्हाळ्यात हापशाला पाणी नसते तेव्हा मुली तो डोक्यावरून आणतात. चपला : तीनदा शिवलेल्या. यातील एकही वस्तू कुरूप नव्हती. आमचा परिसर ‘स्वच्छ व रम्य’ दिसावा म्हणून आमचे जगणेच मी त्यातून वगळले होते. हितचिंतकांपुढे आम्ही गरीब दिसू नये असे मला वाटले होते, की आमची गरिबी त्यांच्या नजरेला सुबक दिसावी असे वाटले होते? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मी अजून शोधतो आहे.

आता मी काही साधे नियम पाळतो. मूळ चित्र कधीही टाकत नाही. फेरफार करायचा तर प्रतीवर करतो. वसतिगृहात काम करणाऱ्या प्रत्येकाचे एक चांगले छायाचित्र वर्षातून एकदा, त्यांच्या इच्छेप्रमाणे, काढून त्यांच्या हाती देतो. आणि चौकटीत काही खटकले तर प्रथम मी सरकतो.

काकांच्या पत्नीला मी त्या चित्राची मोठी प्रत करून दिली. यंत्राच्या साहाय्याने हात पुन्हा बसवून देतो, असे तो विद्यार्थी म्हणाला होता. आता तेही शक्य आहे. मी नको म्हणालो. तो हात यंत्राच्या अंदाजाने केलेला असता. कोयत्याची खूण त्यावर कशी येणार? मायला विचारले, तेव्हा तीही मान हलवून नको म्हणाली.

२०२५ च्या होळीला मी तिच्या पाड्यावर गेलो. गुजरातेतून माणसे परतली होती, ढोल घुमत होते, काठीच्या होळीला निघालेले तरुण कमरेला घुंगरे बांधत होते. घरात, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या कुडावर, ते छायाचित्र खिळ्याला अडकवले होते. ऊसतोडीहून आलेल्या एका नातेवाइकाने माझ्यासमोरच विचारले, ‘भिंतीवर कुत्र्याचा फोटो कशाला लावला?’

मायने नातवाला हाक मारली. पाच-सहा वर्षांचा तो पोर खाटेवर चढला, टाचा उंचावून चित्राच्या खालच्या भागावर त्याने बोट टेकवले आणि पाहुण्याला सांगितले, ‘हा आजा.’

पाहुणा जवळ गेला, डोळे बारीक करून पाहू लागला. मग त्यालाही फेटा दिसला.